ल्यूबेकात दिलेलं ‘तू’

टीमानबाई कुणालाही ‘तू’ म्हणत नसत. पोस्टमनला नाही, वरच्या मजल्यावरच्या पोरांना मिसरूड फुटल्यावर नाही, आणि आपल्या करड्या बोक्याशी बोलताना तर मला एकदोनदा वाटलं की बाई त्यालाही अहोजाहो करताहेत. नगरपालिकेत नावं नोंदवण्याच्या खिडकीमागे त्यांचं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. हॅनोव्हरजवळच्या आमच्या पाइने गावात कुणी राहायला आलं, कुणी लग्न केलं, कुणी गाव सोडलं, की त्याला त्या खिडकीपुढे उभं राहावंच लागे. त्या प्रत्येकाला टीमानबाईंनी ‘तुम्ही’ म्हटलं. कुणी फार सलगीने पुढे वाकलं तर त्या काच बोटभर खाली ओढत.

माझं केस कापायचं दुकान त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावर. दर शुक्रवारी सकाळी त्या केस धुऊन सेट करून घ्यायला येत. आरशासमोर बसलं की माणूस मोकळं होतं. पाळकापुढे बोलणार नाही ते माझ्यापुढे बोलतं, कारण मी पाठीमागे उभी असते आणि घाईत नसते. टीमानबाईही बोलत, पण अंतर राखून. मी एकदा थट्टेने विचारलं, “टीमानबाई, इतक्या वर्षांत माझं पाळण्यातलं नाव तरी ठाऊक आहे का तुम्हाला?”

“आहे ना,” त्या म्हणाल्या. “पण ते तुमचं आहे. मी कशाला वापरू?”

याला कारण होतं, आणि ते गावाला माहीत होतं. त्यांचा नवरा पाच मिनिटांत कुणाशीही ‘तू’वर येणारा माणूस. गुत्त्यात, बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे. अशाच एका ‘तू’बरोबर तो एका उन्हाळ्यात निघून गेला आणि पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून टीमानबाईंच्या लेखी तो शब्द म्हणजे दाराची कडी. ती त्यांनी लावून घेतली.

आमच्याकडे रीत अशी, की ‘तू’ वयाने मोठ्याने द्यायचं, आपलं पाळण्यातलं नाव सांगून, आणि धाकट्याने घ्यायचं. धाकट्याने मागायचं नसतं, तो आगाऊपणा होतो. मोठ्याने दिलेलं नाकारलं तर अपमान होतो. आणि एकदा दिलेलं परत घेता येत नाही. हे शाळेत कुणी शिकवत नाही, पण चुकलं की आयुष्यभर कानावर येतं.

टीमानबाईंच्या समोरच्या दारात हार्टविग नवराबायको राहत. नवरा एगॉन, पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. तो माझ्या शाळेतला, त्यामुळे तो मला आणि मी त्याला पहिल्यापासून अरेतुरे. बायको रोझविटा. टीमानबाईंपेक्षा सातआठ वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याची, जिन्यात पाऊल टाकलं की दोन मजले आधी कळणारी. या दोघी बायका एकमेकींच्या घराच्या किल्ल्या बाळगत. एकीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसरी रोज डब्यातून सूप घेऊन इस्पितळात गेली. प्लमचा केक केला की त्याचा अर्धा भाग समोरच्या दारात जायचाच. आणि एवढं सगळं “टीमानबाई, तुम्ही” आणि “हार्टविगबाई, तुम्ही” असंच चालायचं. मला गंमत वाटायची. इस्पितळात कॉटखालचं भांडं देताना सुद्धा यांनी एकमेकींना अहोजाहोच केलं असणार.

वर उत्तरेला, समुद्राजवळच्या ल्यूबेकला जायची टूम रोझविटाची. लहानपणी मावशीबरोबर ती तिथे गेली होती आणि तिथल्या मार्झिपानची, त्या बदामाच्या मिठाईची, चव अजून जिभेवर आहे असं सगळ्यांना सांगायची. त्या वर्षी स्वर्गारोहणाच्या गुरुवारच्या सुट्टीला एगॉनने शुक्रवार जोडून घेतला, आणि रोझविटाने तिघांसाठी दोन खोल्या सांगून टाकल्या. टीमानबाई आधी नको नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, आणि मला मात्र केस जरा आखूड करायला सांगितले, कारण तिथे वारा असतो. बाईंना जायचं होतं.

निघायच्या आधी रोझविटा तळघराच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिच्या घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

“मग झालं तर,” टीमानबाई म्हणाल्या. “रद्द करू या.”

“अजिबात नाही,” रोझविटा म्हणाली. “खोल्या ठरल्यात. एगॉन घरी थांबला तर चार दिवस मला त्याचं सुतकी तोंड बघावं लागेल. माझी बहीण येते आहे. टीमानबाई, तुम्ही दोघं जा, आणि मला सगळं सांगा. काय बघितलं, काय खाल्लं, सगळं. माझ्या वाटणीचं मी तुमच्या तोंडून घेईन.”

नाही म्हणणं उद्धट दिसलं असतं, म्हणून टीमानबाई गेल्या. असं त्या म्हणाल्या, आणि मी मान डोलावली.

त्या गुरुवारी आमच्याकडे बापांचा दिवसही असतो, त्याची सगळी वरात गाडीत भरली होती. हातगाड्या, बिअरच्या पेट्या, टोप्यांत खोचलेली पानं. एगॉन आणि टीमानबाई समोरासमोर बसले आणि हॅनोव्हर येईपर्यंत हवेबद्दल बोलले. दोघंही अवघडलेले. तिसरं माणूस मध्ये असलं की ही दोघं बोलायची; तिसरं माणूस म्हणजे रोझविटा.

पण ल्यूबेकला ऊन पडलं होतं. नुसतं ऊन नव्हे, आमच्याकडे मे महिन्यात वर्षाआड पडतं तसं, की लोक कोट काढून हातावर घेतात आणि उगाच एकमेकांकडे बघून हसतात. लाल विटांची ती सगळी देवळं उन्हात गरम झाली होती. दोघं अरुंद बोळांतून वाकून आत गेले, तर पलीकडे छोटी छोटी घरं आणि फुललेला लायलॅक. नदीकाठच्या बाकावर बसून पावात घातलेला खारा मासा खाल्ला. एगॉनच्या पावातला कांदा टीमानबाईंच्या स्कर्टवर पडला आणि त्या हसल्या. शुक्रवारी बोटीने समुद्रावर गेले. वाळूवरच्या, दोघांनी बसायच्या वेताच्या खुर्चीत बसले, आणि एगॉन तोंड उघडं टाकून झोपला. टीमानबाईंनी पायातले मोजे काढले. हे मला सांगताना त्या लाल झाल्या.

“मोजेच काढलेत ना?” मी विचारलं.

“दुसरीच्या नवऱ्याशेजारी बसून,” त्या म्हणाल्या.

जेवण तर विचारू नका. मे महिन्यातला ताजा चपटा मासा लोण्यात तळलेला, वर खारवलेल्या डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे. पांढरं अ‍ॅस्परॅगस नवे बटाटे घालून. आणि दुपारी अक्रोडाचा केक, मार्झिपानचा जाड थर असलेला. पहिला घास तोंडात गेला आणि टीमानबाईंना त्यांचं मन खायला लागलं. हा घास रोझविटाचा होता. ती आत्ता पाय उशीवर ठेवून बहिणीची बडबड ऐकत असेल. त्यांनी काटा खाली ठेवला. मग तो वाया जाईल म्हणून पुन्हा उचलला. मग दुसरा तुकडा मागवला. अपराध वाटणं आणि भूक लागणं ही दोन्ही एकाच पोटात कशी राहतात, मला ठाऊक नाही, पण राहतात.

रोज संध्याकाळी एगॉन हॉटेलातून घरी फोन करायचा आणि टीमानबाई शेजारी उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी तो खुशीत सांगायला लागला, “रोझी, अगं काय ऊन...” तशी टीमानबाईंनी त्याची बाही ओढली.

“तिला वाईट वाटेल,” त्या कुजबुजल्या. “गर्दी होती म्हणा. मासा खारट होता म्हणा.”

एगॉनला खोटं बोलता येत नाही, पण सांगितलेलं काम तो नीट करतो. “ऊन असं काही नाही,” तो म्हणाला. “गर्दी आहे. मासा खारट होता.” दुसऱ्या दिवशी त्यांनी पाऊस पाडला. तिसऱ्या दिवशी टीमानबाईंचे पाय दुखले आणि म्युझियम बंद निघालं.

“अरेरे,” रोझविटा पलीकडून म्हणाली. “बिचाऱ्या टीमानबाई. त्यांच्याकडे शाल आहे का विचार. माझी निळी नेली असती तर.”

फोन ठेवल्यावर दोघं काही वेळ एकमेकांकडे बघेनात. टीमानबाईंनी रोझविटासाठी मार्झिपानचा डबा घेतला होता, तो त्यांना एकदम लहान वाटायला लागला. त्या परत दुकानात गेल्या आणि मोठा घेतला. मग त्याहून मोठा.

आता शनिवारची संध्याकाळ. नगरसभागृहाखाली एक जुनं तळघर आहे, लांब बाकं, कमानी, आणि तिथली ती लाल वाइन, जिची पिंपं पूर्वी फ्रान्सहून जहाजातून यायची आणि याच गावात मुरायची. बाकावर शेजारी फ्लेन्सबुर्गची कुठलीशी गायकमंडळी बसली होती, सगळी सुरात आणि सगळी पिऊन. त्यांनी या दोघांना नवराबायको समजून आपल्यात ओढलं. नाही म्हणायला उशीर झाला होता. मग एगॉन म्हणाला, “टीमानबाई, तुम्ही जरा मीठ देता का?”

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. मग एक जाडी बाई टाळी वाजवून म्हणाली, “ऐकलंत का? लग्न होऊन जन्म गेला आणि हा बायकोला आडनावाने हाक मारतो. अहो, पोरं कशी झाली तुम्हाला?”

“टपालाने,” तिचा नवरा म्हणाला, आणि सगळं बाक हसलं.

एगॉन कानापर्यंत लाल झाला. शेजारी आहोत म्हणून सांगायला गेला, तर ते आणखीच वाईट ऐकू यायला लागलं. लोकांनी भुवया उंचावल्या. टीमानबाई हातातल्या ग्लासाकडे बघत होत्या. मला त्या म्हणाल्या, की तेव्हा त्यांना राग यायला हवा होता. खिडकीची काच खाली ओढावी असं वाटायला हवं होतं. पण दिवसभर ऊन अंगावर होतं, पोटात मासा होता, समोर हा लाजून पाणी झालेला भला माणूस होता, ज्याने त्यांच्या घरातले सगळे दिवे बसवले, सगळे नळ दुरुस्त केले आणि कधी आगाऊ शब्द काढला नाही. त्या उभ्या राहिल्या.

“मी तुमच्यापेक्षा मोठी आहे,” त्या म्हणाल्या. “तेव्हा हे मीच म्हणायला हवं. मी गुड्रून.”

“मी एगॉन,” एगॉन म्हणाला. जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

‘तू’वर येताना पितात तसे हातात हात अडकवून दोघं प्याले. गायकमंडळींनी ताल धरला. त्याने त्यांच्या गालावर ओठ टेकवले, तेवढंच, रीतीपुरतं. मग टीमानबाईंनी मीठ पुढे केलं आणि म्हणाल्या, “घे, एगॉन.” कितीतरी वर्षांत त्यांनी कुणा मोठ्या माणसाला ‘घे’ म्हटलं नव्हतं. हॉटेलवर परत जाताना त्यांनी त्याला उगाचच दोनतीनदा हाक मारली. एगॉन, चंद्र बघ. एगॉन, पायरी आहे. खोलीत गेल्यावर त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, तर गाल हसत होते.

रविवारी सकाळी उठल्या तेव्हा पहिली आठवली ती रोझविटा.

मोठ्या देवळात युद्धात जळून कोसळलेल्या घंटा आहेत. पडल्या तशाच ठेवल्या आहेत, फुटून, जमिनीत रुतून. त्या घंटांपुढे उभ्या राहून टीमानबाई म्हणाल्या, “एगॉन, घरी गेल्यावर आपण परत ‘तुम्ही’ म्हणू.”

“तसं नाही करता येत,” एगॉन म्हणाला. “का पण? आपण काय चोरी केली?”

“मग रोझविटाला सांग तू.”

नवरा सोडून गेलेली बाई आणि पाय मोडलेल्या बाईचा नवरा, तळघरात हातात हात घालून, वाइन, गालावर ओठ. खरं तेवढंच होतं, पण सांगायला गेलं की कसं ऐकू येणार हे एगॉनलाही कळत होतं. शेवटी गाडीत दोघांनी तोड काढली. ना ‘तू’ म्हणायचं, ना ‘तुम्ही’. बोलायचं, पण कुणाशीच नाही.

“खिडकी उघडली तर चालेल का?” एगॉनने सराव केला.

“चालेल की. सॅंडविच खाणं होणार आहे का?”

“नंतर खाल्लं जाईल.”

हॅम्बुर्ग ते हॅनोव्हर असं चाललं. समोरची मुलगी पुस्तक मिटून यांच्याकडेच बघत बसली.

घरी रोझविटाने बहिणीकरवी टेबल मांडून ठेवलं होतं. कॉफी, क्रीम, चांगला चादरीएवढा टेबलक्लॉथ. पाय स्टुलावर. दोघं आत आले, आणि तिने आधी त्यांच्या नाकांकडे बघितलं. दोन्ही नाकं उन्हाने भाजून सोलत होती. टीमानबाईंनी वर पावडर लावली होती, त्यामुळे त्यांचं जास्त दिसत होतं.

“फार पाऊस झाला म्हणायचा,” रोझविटा म्हणाली.

“मधून मधून,” टीमानबाई म्हणाल्या, आणि तो प्रचंड डबा तिच्या मांडीवर ठेवला. रोझविटाने तो उघडला, एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. “बसा ना, सांगा मला सगळं,” ती म्हणाली. आणि त्यांनी सांगितलं. गर्दी. खारट मासा. बंद म्युझियम. साखर दिली गेली, दूध घेतलं गेलं, केक कापला गेला, आणि करणारं कुणीच नव्हतं. रोझविटा एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मग एगॉनने जॅमकडे हात लांबवला.

“एगॉन, तुझी बाही. क्रीममध्ये चाललीय,” टीमानबाई म्हणाल्या.

बाही क्रीममध्ये गेलीच. कुणी ती उचलली नाही. रोझविटाची बहीण स्वयंपाकघरात काहीतरी आणायला म्हणून गेली.

“अरे वा,” रोझविटा म्हणाली. चेहरा हसरा, आवाज नेहमीचा. “छान झालं. एगॉन, फडकं घे.” आणि ती विषय काढून प्लास्टरच्या आत कशी खाज सुटते ते सांगायला लागली.

मंगळवारी टीमानबाई माझ्या दुकानात आल्या. त्यांचा वार शुक्रवार. मी खुर्ची पुढे ओढली आणि नळ सोडला. डोकं मागे टेकल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, ल्यूबेकपासून क्रीमपर्यंत. दोन दिवसांत त्या समोरच्या दाराकडे गेल्या नव्हत्या. कचरा टाकायला सुद्धा जिना रिकामा असल्याची खात्री करून चोरट्यासारख्या उतरत होत्या.

“मी तिच्या नवऱ्यावर डोळा ठेवला असं तिला वाटत असेल,” त्या म्हणाल्या. “माझ्या बाबतीत झालं, तेच मी तिच्या बाबतीत केलं.”

“तुम्ही मोजे काढलेत आणि मीठ दिलंत,” मी म्हटलं. माझं तोंड तसं तिखट. “याला कुणी घर मोडणं म्हणत नाही. जा आणि खरं ते सांगा. पावसाचं सुद्धा.”

त्या ओल्या केसांनीच उठल्या. मी रोलर लावायला थांबवलं तरी थांबल्या नाहीत.

एगॉन कामावर होता. रोझविटा एकटीच खिडकीशी बसलेली. टीमानबाई उभ्या राहूनच बोलल्या, नगरपालिकेतल्या त्यांच्या खिडकीपलीकडे उभं राहून लोक बोलत तसं, घाईने, एका श्वासात. ऊन होतं. मासा उत्तम होता. तळघर, गायकमंडळी, वाइन. याहून काही झालं नाही. हार्टविगबाई, आईशपथ नाही.

रोझविटा आधी चकित झाली आणि मग हसायला लागली.

“एगॉनबद्दल? माझ्या एगॉनबद्दल?” ती म्हणाली. “टीमानबाई, तो बायकांच्या मागे लागणारा असता तर मला आयुष्यात जरा करमणूक झाली असती. तो तर दूधवालीलाही अरेतुरे करतो. त्याला एक ‘तू’ मिळालं काय, दहा मिळाली काय.” मग हसणं कमी झालं. “मी त्यावर नाही काही म्हणत. पण तुमच्या साठाव्या वाढदिवसाला मी तो हिरवा ड्रेस शिवून घेतला होता, आठवतं? मला वाटलं होतं, आज बाई ग्लास उचलून म्हणतील. तुम्ही ग्लास उचललात आणि म्हणालात, तुमच्या आरोग्यासाठी, हार्टविगबाई. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा वाटलं, आता म्हणतील. मग वाटलं, नोकरी संपली की. तुम्ही मोठ्या. मला मागता येत नव्हतं. मी ठरवलं होतं की ल्यूबेकला तिघं गेलो, चांगलं जेवलो, एखादा ग्लास झाला, की कदाचित. सगळी ट्रिप मी त्यासाठीच काढली होती. मार्झिपान काय, ते पाइनेतही मिळतं.”

टीमानबाई दोन दिवस ज्या गुन्ह्यासाठी तोंड लपवत होत्या तो गुन्हा कुणाच्या गावीही नव्हता. दुसराच एक होता, कितीतरी जुना, आणि तो त्यांना कधी दिसलाच नव्हता. त्या रोझविटाच्या खुर्चीजवळ गेल्या, हात पुढे केला.

“मी गुड्रून,” त्या म्हणाल्या.

रोझविटाने हात हातात घेतला. थोपटला. “नको,” ती म्हणाली. “आत्ता तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून देताय. ते मला कसं घेता येईल? राहू दे, टीमानबाई. आपलं चाललंय तसंच बरं चाललंय.”

रोलर लावून घ्यायला परत आल्या तेव्हा टीमानबाईंनी मला हे सांगितलं, आणि माझ्या हातातला कंगवा थांबला. दिलेलं ‘तू’ परत करणं आमच्याकडे तोंडात मारण्यासारखं. पण मला रोझविटाचा राग येईना. आणि टीमानबाईंनाही आला नाही, हेच तर दुःख. उलट त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं.”

आता या गोष्टीला दारच उरलेलं नाही. मोठीने एकदा विचारून झालं, तिला पुन्हा विचारता येत नाही. धाकटीने तर विचारायचंच नसतं. आणि एगॉनला दिलेलं परत घेता येत नाही. त्यामुळे आमच्या जिन्यात रोज सकाळी ऐकू येतं, “गुड्रून, तुझं वर्तमानपत्र,” आणि त्याच्या मागोमाग, “टीमानबाई, तुम्हाला ब्रेड आणायचाय का?” एगॉनला यात काही वाटत नाही. टीमानबाई मात्र त्याच्या प्रत्येक ‘तू’ला अशा दचकतात की बिचाऱ्याने आता त्यांना एरवी हाक मारणंच कमी केलंय. केक समोरच्या दारात जातो. किल्ल्या जागच्या जागी आहेत. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात रोझविटा शुक्रवारीच आली, टीमानबाईंच्या वेळेला, मुद्दाम की चुकून मला माहीत नाही. दोघी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, डोकी मागे बेसिनला टेकलेली, नजरा छताकडे. मी दोघींच्या मध्ये उभी. माणसं एकमेकांकडे न बघता जास्त नीट बोलतात, हे मी या धंद्यात शिकले.

“टीमानबाई,” रोझविटा म्हणाली, “तुम्ही मला ल्यूबेकचं अजून सांगितलं नाही. खरं ल्यूबेक.”

टीमानबाई सांगायला लागल्या. गरम विटा, लायलॅक, स्कर्टवर पडलेला कांदा, तोंड उघडं टाकून झोपलेला एगॉन. मोजे सुद्धा सांगितले. रोझविटा मध्ये मध्ये विचारत होती, लोण्यात तळला होता की तेलात, वर पार्सली होती का, आणि माझ्या हाताखाली तिचं डोकं हसण्याने हलत होतं. मग तळघर आलं आणि टीमानबाई थांबल्या.

“सांगा ना,” रोझविटा म्हणाली. “त्याचंच ऐकायचंय मला. कसं वाटलं तुम्हाला? म्हणालात तेव्हा?”

“बरं वाटलं,” टीमानबाई म्हणाल्या. “फार बरं वाटलं, हार्टविगबाई. अंग हलकं झाल्यासारखं. मला वाटलं, हे मी इतकी वर्षं का नाही केलं.”

नळाचं पाणी वाहत होतं. रोझविटा छताकडे बघत होती.

“मलाही तसंच वाटलं असतं,” ती म्हणाली.

टीमानबाईंनी डोळे मिटून घेतले आणि माझ्याकडे टॉवेल मागितला. मी दोघींनाही एकेक दिला.